विरजण, आंबील आणि खार: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावात शहापूरला, आणि नणंद दिली आहे अथणीकडे. एकाच विरजणाचं दही तिन्ही घरांत तीन तऱ्हेचं लागतं. खानापूरला पावसाळ्यात ते सकाळीही पातळ असतं, शहापूरला बेताचं, आणि अथणीला एप्रिलात दुपारपर्यंत आंबटढाण. आंबवण्याबद्दल जे काही मला विचारलं जातं, त्यातल्या अर्ध्याअधिक प्रश्नांचं उत्तर हवेच्या या फरकातच आहे. हळदीकुंकवाला, फोनवर, दारात उभ्याउभ्या विचारलेले प्रश्न इथे एकत्र करून ठेवते.

प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय? आमचं ताक त्यात बसतं का?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली याची व्याख्या केली. पुरेशा संख्येने पोटात गेल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, ते प्रोबायोटिक. घरच्या ताकात जिवंत जिवाणू भरपूर असतात, यात शंका नाही. पण ते कुठल्या जातीचे, किती, आणि त्यांचा कशावर गुण येतो हे सिद्ध झालेलं आहे का, ते घरी कुणाला मोजता येत नाही. म्हणून मी घरच्या ताकाला 'जिवंत आंबवलेलं अन्न' म्हणते.

त्याने ताकाची किंमत कमी होत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांवर १० आठवड्यांचा अभ्यास झाला. ज्यांच्या जेवणात आंबवलेले पदार्थ वाढवले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि सूज दाखवणारी काही प्रथिनं रक्तात कमी झाली. अभ्यास लहान आहे, पण चांगला आहे. त्यावरून ताकाने मधुमेह जातो असं कुणी सांगू लागलं, तर मात्र ऐकू नका.

आंबलेलं सगळंच जिवंत असतं का?

नाही. इडली, डोसा, आंबोळी यांचं पीठ जिवंत असतं, पण वाफेवर किंवा तव्यावर जिवाणू मरतात. कुरडईसाठी गहू तीन दिवस आंबवतो, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतो, पण शेवटी तळतोच. हे पदार्थ आंबवल्याने पचायला हलके आणि चवदार होतात, तो फायदा शिजवल्यावरही राहतो. जिवंत जिवाणू हवे असतील, तर दही, ताक, न शिजवलेला भाज्यांचा खार (मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या भाज्या) आणि कांजी (बीट-गाजर पाण्यात आंबवून केलेलं आंबट पेय) एवढ्यांकडेच बघायचं.

दही नीट लागत नाही. कधी पातळ, कधी तार येते, कधी पाणी सुटतं. काय चुकतं?

माझी आज्जी दुधात करंगळी बुडवून दहापर्यंत मोजायची. दहापर्यंत बोट सहज राहिलं, तरी दूध ऊबदार लागलं, की विरजण घालायची वेळ झाली. पुढे मी थर्मामीटर लावून पाहिलं, तर ते ४० ते ४३ अंशांच्या मधे निघालं. दह्याच्या जिवाणूंना मानवतं ते हेच तापमान. यापेक्षा फार गरम दुधात विरजण घातलं, तर जिवाणू मरतात आणि सकाळी नुसतं नासलेलं दूध हाती येतं. फार गार दुधात ते आळसावतात.

अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण पुरतं. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे उन्हाळ्यात अर्धाच चमचा घाला आणि चार-पाच तासांनी बघा. खानापूर, कणकुंबीकडे आषाढ-श्रावणात, किंवा बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, चमचा पूर्ण भरून घ्या, भांडं जुन्या घोंगडीत गुंडाळा किंवा तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा. आमच्याकडे चूल होती तेव्हा वैलाजवळ ठेवायचे. गॅस आला आणि वैल गेला, तेव्हापासून थंडीतलं दही बिघडायला लागलं असं आई म्हणायची, आणि ते खरंच आहे. लागायला आठ ते बारा तास गेले तरी घाबरू नका. एकदा लागलं की मात्र बाहेर ठेवू नका, नाहीतर आंबत जातं.

दह्याला तार येते ती बहुतेक वेळा विरजणामुळे. गारठ्यात वाढणारे काही जिवाणू चिकट पदार्थ तयार करतात आणि दही बोटाला ओढलं जातं. ते विषारी नसतं, पण त्याचंच विरजण पुढे लावत राहिलात तर घरभर तेच होतं. दुसऱ्या घरून नवं विरजण आणा. दही कडू लागत असेल, तर विरजण जुनं झालंय किंवा भांडं नीट धुतलेलं नाही.

आणि दूध उकळल्याशिवाय विरजू नका. गोठ्यातलं ताजं दूध असलं तरी. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, आणि गायी-म्हशी पाळणाऱ्या घरांना तो धोका जास्त.

घरात विरजणच नसेल तर?

हिरव्या मिरचीचे देठ कोमट दुधात टाकून दही लागतं, ते खरं आहे. देठांवरचे जिवाणू काम करतात. पण पहिलं दही कधी गोड, कधी उग्र होतं, भरवसा नसतो. ते खाऊ नका, त्याचंच विरजण करून दुसऱ्यांदा लावा, आणि वास-चव बरी असेल तर पुढे चालू ठेवा. त्यापेक्षा शेजारी वाटी घेऊन जाणं सोपं.

पावसाळ्यात इडली-आंबोळीचं पीठ फुगत नाही.

तांदूळ आणि उडीद वेगवेगळे भिजवा, उडीद कमी पाण्यात हलकं होईपर्यंत वाटा, मूठभर मेथीदाणे बरोबर भिजू द्या. वाटून झाल्यावर पाचही बोटांनी, हाताने कालवा. हाताची ऊब कामाला येते. मग भांडं झाकून उबेत ठेवा. उडदाबरोबर येणारे ल्यूकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू वायू तयार करतात, पीठ फुगतं ते त्याने. बेळगावच्या पावसात रात्रभराला बारा-चौदा तास धरा. तेवढंच पीठ अथणीला सहा तासांत भांड्याबाहेर येतं.

यल्लम्माच्या जत्रेतली आंबील घरी कशी करायची?

हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला घराघरांतून जो नैवेद्य निघतो, त्यात आंबील-घुगऱ्या असतातच. आमच्या कन्नड शेजारणी तिला अंबली म्हणतात. तिथे भाषा बदलली तरी वाडगं तेच असतं.

एक वाटी ज्वारीचं पीठ, दीड वाटी आंबट ताक. रात्री मोठ्या पातेल्यात गुठळ्या मोडत कालवा आणि झाकून ठेवा. सकाळी वास घ्या. ओल्या ज्वारीचा गोडसर वास जाऊन ताज्या ताकाचा आंबूस वास आला पाहिजे. वर बारीक बुडबुडे दिसतील. चार वाट्या पाणी उकळायला ठेवा, त्यात मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरं टाका. पीठ एका धारेने सोडत डावाने सतत ढवळा. हात थांबला तर बुडाला लागतं. दहा-बारा मिनिटांत ती चकचकीत होते आणि डावाच्या मागे रेघ उमटते. तेव्हा उतरवा.

आता मुद्द्याची गोष्ट. शिजवताना जिवाणू मेले. जिवंत आंबील हवी असेल, तर ती पूर्ण गार होऊ द्या आणि मग वाटीभर ताजं ताक घालून ढवळा. बऱ्याच जुन्या बाया असंच करतात, चवीसाठी म्हणून. वरून कांदा, कोथिंबीर. नाचणीची करायची असेल तर रीत तीच, फक्त नाचणी घट्ट होते म्हणून पाणी वाटीभर जास्त.

शिळा भात पाण्यात ठेवून सकाळी ताकाबरोबर खाल्ला, तर चालतो का?

खानापूरकडच्या भातवाल्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, आणि मला ते आवडतं. पण इथे मी थोडी कडक आहे. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तग धरून असतात. भात तासन्‌तास कोमट राहिला तर ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात परत गरम करूनही जात नाही. उलट्या होतात त्या त्यानेच.

म्हणून रात्रीच्या जेवणाचा भात पातेल्यात तसाच झाकून ठेवू नका. ताटात पसरून लवकर गार करा, मग भात पूर्ण बुडेल एवढं गार पाणी आणि दोन-तीन चमचे ताक घाला. ताकाचा आंबटपणा लवकर चढतो आणि नको त्या जिवाणूंना जागा उरत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर बाहेर न ठेवता फ्रीजमध्येच ठेवा. सकाळी चिकट, बुळबुळीत लागला किंवा वास विचित्र आला, तर तो खाऊ नका आणि दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

कोबी, गाजर, मुळ्याचा खार घालायचाय. मीठ किती?

वजनाने घाला, अंदाजाने नको. एक किलो चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ, आणि हाताने चोळून चोळून त्याचंच पाणी सुटू द्यायचं. गाजर, मुळा, फुलकोबीचे तुकडे असतील, तर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवायचे. बरोबर ठेचलेलं आलं, मोहरीची पूड, दोन मिरच्या. मीठ कमी झालं तर भाजी मऊ पडून सडते. फार जास्त झालं तर आंबतच नाही.

भाजी पाण्याखाली बुडालेली राहिली पाहिजे. खाराची निम्मी विद्या एवढ्यातच आहे. वर कोबीचं एक पान पसरा, त्यावर उकळून घेतलेला गुळगुळीत दगड किंवा पाण्याने भरलेली काचेची वाटी ठेवा. बरणीला दादरा बांधा किंवा झाकण सैल ठेवा, कारण पहिले तीन-चार दिवस वायू सुटतो. रोज एकदा चव घ्या. बेळगावच्या मार्चमध्ये पाचव्या-सहाव्या दिवशी चांगलं आंबट होतं, जानेवारीत दोन आठवडे लागतात. मनासारखं झालं की फ्रीजमध्ये.

चव आणि वास यांवर एवढा भर का, हे एकदा सांगते. खाराचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली गेला की बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. नीट मीठ घातलेला, बुडालेला खार काही दिवसांत त्याच्याही बराच खाली जातो. जिभेला स्पष्ट, स्वच्छ आंबट लागणं ही त्याची घरगुती खूण. खात्री हवी असेल तर सामू मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. मी वापरते.

वर पांढरा थर आलाय. टाकून देऊ?

पातळ, सपाट, किंचित सुरकुतलेला पांढरा थर असेल, तर ते बहुधा यीस्ट असतं. चमच्याने काढून टाका, भाजी खाली ढकला, मीठ तपासा. पण केसाळ, उंच, हिरवा, काळा, गुलाबी असं काही दिसलं, तर ती बुरशी. वरचा भाग काढून खालचं वापरू नका, बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्यापेक्षा खोल जातात. सगळं टाका. जीव तुटतो, मला माहीत आहे.

भांडं कुठलं?

काच किंवा चिनी मातीची बरणी, डोळे मिटून. खानापूरच्या मातीच्या मडक्यात दही फार सुंदर लागतं, कारण मडकं पाणी शोषतं आणि दही घट्ट होतं. पण दह्याचं मडकं दह्यालाच ठेवा आणि धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल, तर त्यात आंबट काहीही ठेवायचं नाही, तांबं-जस्त अन्नात उतरतं. कल्हईवाले आता गल्लीत क्वचितच येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ॲल्युमिनियमही नको.

नळाचं पाणी चालेल का? आयोडीनचं मीठ?

राकसकोप किंवा हिडकलहून येणारं नळाचं पाणी क्लोरीन घालून येतं. उकळून गार करा. आयोडीनच्या मिठाने आंबणं थांबत नाही. खडेमीठ वापरत असाल तर वजन करूनच घ्या, कारण एक चमचा खडेमीठ आणि एक चमचा बारीक मीठ सारखं भरत नाही.

आपलं आंब्याचं लोणचं प्रोबायोटिक आहे का?

फारसं नाही. त्यात मीठ एवढं असतं की बहुतेक जिवाणू वाढतच नाहीत, लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेल यांवर. जेवणात त्याची जागा वेगळी आहे, ती असू द्या. एक सावधगिरी मात्र सांगते. कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून आठवडाभर बाहेर ठेवायची पद्धत अलीकडे दिसते. तेलाखाली हवा नाही आणि आंबटपणाही नाही, म्हणजे बॉट्युलिझमला हवं तसं घर. ते करू नका.

कोंबुचा आणि केफिर?

दोन्ही मी केलेत, पण आपल्याकडे ताक असताना मी त्यांच्यामागे फार लागत नाही. केफिर म्हणजे दाण्यांसारखं विरजण घालून आंबवलेलं दूध, कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवलेला. कोंबुचात थोडा मद्यार्क तयार होतो, जास्त दिवस ठेवला तर वाढतो. उपासाला, लहान मुलांना किंवा दारू सोडलेल्या माणसाला देताना हे आधी सांगायला हवं.

मुलगा पुण्याला असतो. बसने कांजी पाठवू का?

एका वर्षी मी बिटाची कांजी प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण गच्च आवळून रात्रीच्या बसने पाठवली. तीन दिवसांची, भर आंबत असलेली. पहाटे बाटली फुगून झाकण उडालं आणि शेजारी बसलेल्या बाईंची बॅग, आत लग्नाची साडी होती, लाल झाली. मुलाने त्यांची माफी मागितली, मीही फोनवर मागितली. साडी काही परत येत नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे. आंबणं पूर्ण झाल्याशिवाय बाटली भरायची नाही. दोन दिवस फ्रीजमध्ये गार करायची, वर चार बोटं जागा सोडायची, आणि काचेची बाटली तर प्रवासाला द्यायचीच नाही, कारण ती फुटली की काचा उडतात. ताक, आंबील पाठवण्यापेक्षा विरजण पाठवा. छोट्या डबीत दोन चमचे घट्ट दही, डबी गोठवून कापडात गुंडाळलेली, सकाळपर्यंत चांगली राहते. बाकीचं तो तिथे करील.

शेजारी, मंडळात, हळदीकुंकवाला वाटताना काय सांगायचं?

घरी खाल्लं तर आपली जबाबदारी आपल्यापुरती. दुसऱ्याच्या हातात वाटी दिली की ती वाढते. डब्यावर कागद चिकटवा, त्यावर चार गोष्टी लिहा: काय आहे, कधी केलं, आत काय काय घातलं, फ्रीजमध्ये किती दिवस. मोहरी, दूध, शेंगदाणे यांची कुणाला ॲलर्जी असते. मी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहिते, कारण माझ्या गल्लीत निम्म्या बायकांना कन्नड वाचणं सोपं जातं. ताकाला 'मज्जिगे' लिहिलं की आज्यांनाही कळतं. आणि कुणी नको म्हटलं, तर आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रहाला माया समजतात, पण समोरच्याच्या पोटाचं त्यालाच ठाऊक.

ज्या दिवशी शंका आली, त्या दिवसाची बरणी वाटायची नाही. घरचा माणूस एक दिवस आधी खाऊन बघतो, मग शेजारी जातं.

कोणी टाळावं?

केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय न शिजवलेलं आंबवलेलं काही घेऊ नये. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर खाराचं पाणी पिऊ नये, मीठ फार असतं. ज्यांना आंबवलेल्या पदार्थांनी डोकं दुखतं, त्यांना त्यातल्या हिस्टामिन नावाच्या घटकाचा त्रास होत असू शकतो. अँटिबायोटिक चालू असेल तर गोळी आणि ताक यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

दुधाने पोट फुगतं म्हणणाऱ्यांना दही-ताक बहुतेक वेळा मानवतं, कारण दह्याचे जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात.

पहिल्यांदा घेतल्यावर पोट गुरगुरतं. बंद करू?

थोडं गुरगुरणं चालतं. दोन चमच्यांपासून सुरू करा, आठवड्याने वाढवा. जुलाब, ताप, सतत उलट्या झाल्या तर ते 'शरीर साफ होतंय' नव्हे. थांबा आणि दवाखान्यात जा.

खारातून बी-१२ मिळतं का?

भाज्यांच्या खारावर त्यासाठी अवलंबून राहू नका. दही-दुधातून थोडं मिळतं. शाकाहारी असाल तर रक्त तपासून घ्या.

विकायचं झालं तर?

वाटणं वेगळं, विकणं वेगळं. घरून विकायलाही अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली नोंदणी लागते. ती करा, मगच दर लावा.

पंधरा दिवस गावाला जायचंय. विरजण कसं जपू?

फ्रीजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं, पुढे जोर कमी होतो. जुन्या बायका स्वच्छ फडक्याला दही माखून सावलीत वाळवायच्या आणि परत आल्यावर त्याचा तुकडा कोमट दुधात टाकायच्या. चालतं, पण पहिल्या खेपेला दही पातळ येतं.

आमच्या गल्लीत दुसरीच रीत आहे. मी जाताना वाटीभर विरजण समोरच्या आक्कांकडे देते. त्या त्याला हेप्पु म्हणतात आणि रोज लावतात. दिवेलागणीनंतर दूध-दही द्यायचं-घ्यायचं नाही, म्हणून मी सकाळच्या गाडीने परत येते. चपला काढायच्या आधी त्यांच्या दारात उभी राहते, "काय ओ आक्का, आमचं विरजाण हाय काय थोडं?" आक्का आतून वाटी आणतात, ती मी नेलेल्या वाटीपेक्षा नेहमी मोठी असते. रिकामी वाटी परत करायची नाही, म्हणून पुढच्या दिवशी तिच्यात आंबील जाते.